पुढच्या संकटात पहिला ग्रुप काढणाऱ्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

नमस्कार.

पूर, भूकंप, वादळ, साथ, मोठी आग किंवा एका रात्रीत लागलेली टाळेबंदी. निमित्त काहीही असो, पहिल्या तासाभरातच आपल्या भागातलं कुणीतरी एक ग्रुप काढतं, त्याची लिंक घरोघर फिरते आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप भरतो. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. तुम्हाला कुणी नेमलेलं नसतं, पगार तर नसतोच, तरी तुम्ही पुढे होता. म्हणूनच हे पत्र सरकारला किंवा पालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. त्या पहिल्या तासात तुम्ही जे ठरवता, त्यावर पुढचे कित्येक दिवस आम्ही बाकीचे काम करतो.

मी अशा गटांत बहुतेक वेळा फोनवर बसते. मदत मागणाऱ्यांचे फोन घ्यायचे, नोंद करायची, कुणाला तरी धाडायचं आणि काम झालं का ते पुन्हा फोन करून विचारायचं. त्या खुर्चीतून जे दिसतं ते ग्रुप काढणाऱ्याला सहसा दिसत नाही. तिथून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे: साधन निवडताना मदत मागणाऱ्याच्या हातात कोणता फोन आहे ते आधी बघा. आपल्या लॅपटॉपवर काय छान चालतं, ते त्याच्या नंतर.

ग्रुपला माझा विरोध नाही. लोक ज्या ॲपवर आधीपासून आहेत तिथेच सुरुवात करावी, कारण संकटाच्या रात्री नवं ॲप उतरवून पासवर्ड लावत बसायला कुणाला वेळ नसतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, टेलिग्रामवर दोन लाख. हाक द्यायला, लोक गोळा करायला एवढं पुष्कळ झालं. अडचण सुरू होते ती त्याच ग्रुपवर आपण मदतीचा हिशेब ठेवायला लागतो तेव्हा. सकाळी दहाला आलेली मागणी अकरापर्यंत नमस्काराचे हात, 'कुणाला माहीत आहे का' आणि कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ यांच्याखाली गाडली जाते. एका घरी तीन जण तेच औषध घेऊन पोहोचतात आणि शेजारच्या घरी कुणीच जात नाही. मेसेजखाली दहा-बारा अंगठे दिसले की प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी बघतंय. प्रत्यक्षात कुणीच निघालेलं नसतं.

एक नमुना बघा. असा मेसेज तुम्ही नक्की वाचला असेल: 'अर्जंट! आजींना इन्सुलिन हवं आहे. घरी कुणी नाही. कृपया जास्तीत जास्त शेअर करा.' मी फोनवर बसलेली, माझ्यासमोर हा मेसेज येतो. कधीचा आहे? ठाऊक नाही. कोणतं इन्सुलिन? ते बरेच प्रकारचं असतं आणि एकाऐवजी दुसरं देऊन चालत नाही. किती शिल्लक आहे, म्हणजे तासाभरात हवं की परवापर्यंत चालेल? फोन कुणाला करायचा? आणि मुख्य म्हणजे, कुणी ते काम अंगावर घेतलंय का? यातलं एकही उत्तर त्यात नाही. आहे ती फक्त फॉरवर्ड करण्याची विनंती, आणि ती लोक इमानाने पाळतात. मग तो मेसेज दुसऱ्या ग्रुपवर जातो, तिथून तिसऱ्या, आणि दोन दिवसांनी फिरून आपल्याच ग्रुपवर नव्यासारखा येतो. मी शोधून काढून फोन लावला की पलीकडून दमलेला आवाज येतो, 'अहो, औषध परवाच मिळालं. सकाळपासून सारखे फोन येतायत.'

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, देशभर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. ऑक्सिजन, खाटा, प्लाझ्मा यांच्या याद्या तारखेशिवाय फिरत होत्या. नंबर लावावा तर बंद, नाहीतर उचलणारा म्हणे की साठा केव्हाच संपला. रुग्ण गेल्यावरही घरच्यांना 'सिलिंडर मिळाला का' असे फोन येत राहिले. त्याच गोंधळात आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे भामटेही होते, आणि मदतीसाठी आपला नंबर जाहीर केलेल्या बायकांना घाणेरडे मेसेज आले. त्या वेळी ज्यांचा उपयोग झाला त्या याद्यांमागे माणसं बसलेली होती. ती दर काही तासांनी प्रत्येक नंबर फिरवून बघत होती आणि नोंदीपुढे 'तपासलं' असं वेळेसकट लिहीत होती. सगळं काम त्या वेळेच्या रकान्यात होतं.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की 'फॉरवर्डेड'ची खूणही उरत नाही. म्हणून मेसेजचं आयुष्य मेसेजमध्येच लिहायला हवं. वरचाच मेसेज मी असा पाठवीन: 'मंगळवार, दुपारी ३.१०. इन्सुलिन हवं, नेमकं नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे. उद्या सकाळच्या डोसपुरतंच शिल्लक. नोंद क्र. ४७. जाऊ शकणाऱ्याने मदतफोनवर कळवा. उद्या सकाळी १० नंतर हा मेसेज पुढे पाठवू नका.' यात आजींचं नाव नाही, पत्ता नाही, घरचा नंबरही नाही. जाणाऱ्याला ते आम्ही फोनवर देतो. काम झालं की त्याच ग्रुपवर 'नोंद ४७ पूर्ण' एवढंच टाकायचं.

तेव्हा ग्रुप दोन करा. एक घोषणांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहितील. ती सोय जवळपास सगळ्या ॲपमध्ये असते आणि ती वापरायला संकोचू नका. लोक थोडे रागावतील, पण पाण्याचा टँकर कधी येणार हे शोधायला त्यांना शंभर मेसेज वर सरकवावे लागणार नाहीत. दुसरा ग्रुप प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा, लहान, एकमेकांना आवाजाने ओळखणाऱ्या माणसांचा. गप्पांसाठी तिसरा हवा असेल तर तोही काढा, पण मदतीची मागणी तिथे आली तर ती तिथेच राहू देऊ नका.

आता दाराकडे येऊ. दार म्हणजे मदत मागणारा माणूस आपल्यापर्यंत जिथून पोहोचतो ती जागा.

ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे तो बहुतेक वेळा ग्रुपवर नसतोच. एकट्या राहणाऱ्या वयस्क बाई, ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. नेटपॅक संपलेला कामगार. वाचता न येणारी आई. अंगात ताप असल्यामुळे टाइप करू न शकणारा माणूस. चार्जिंग सात टक्क्यांवर आलेला कुणीही. या सगळ्यांना जमेल असं एकच दार आहे, साधा फोन. नंबर लावायचा, माणूस बोलतो. म्हणून पहिल्या तासात कुठली गोष्ट उभी करायची असेल तर एक मदतफोन. त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. तुमचा स्वतःचा नंबर भिंतीवर लावू नका, कारण भिंतीवरचा कागद संकट सरल्यावरही राहतो आणि स्क्रीनशॉट त्याहून जास्त काळ राहतो. वेगळा नंबर असला की कॉल फॉरवर्ड करून पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांच्या फोनवर वळवता येतो, रात्री कुणाला तरी झोपता येतं आणि काम संपल्यावर तो बंद करता येतो. फोन लागला नाही तर मिस्ड कॉल दिसतो आणि आपण उलट फोन करू शकतो. बोलण्याचा खर्च मागणाऱ्यावर पडत नाही हाही त्यात फायदा.

अनेक जण या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म ठेवतात. मी असे फॉर्म पाहिले आहेत, आणि ते बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण पहिला प्रश्न ईमेलचा, त्यावर लाल तारा. मग पूर्ण नाव, वय, घरातली माणसं, गरजेचा प्रकार, 'इतर असल्यास नमूद करा', आणि शेवटी औषधाची चिठ्ठी जोडायची जागा. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायला सांगितली की भरणाऱ्याला आधी गूगल खात्यात शिरावं लागतं. ज्याला पासवर्ड आठवत नाही तो तिथेच थांबतो. आपल्याला मात्र तो कधीच दिसत नाही, कारण अर्धा भरलेला फॉर्म आपल्या यादीत येत नाही. फॉर्म रिकामा दिसला की आपण समजतो, गरज कमी आहे.

फॉर्म जरूर ठेवा, पण तो आपल्या माणसाने भरावा. फोन घेणारी समोरच्याशी बोलता बोलता प्रश्न विचारते आणि फॉर्म भरते. त्यामुळे प्रश्न एकाच क्रमाने विचारले जातात, काही सुटत नाही, आणि पलीकडच्याला वाटतं की आपण एका माणसाशी बोललो. स्वयंसेवकांच्या नावनोंदणीला मात्र फॉर्मच बरा. त्यांना तो भरता येतो आणि तेवढा वेळही त्यांच्याकडे असतो.

फोनवरून बोलू न शकणारे लोकही आहेत, ज्यांना ऐकू येत नाही ते किंवा ज्यांना घरात आवाज करणं धोक्याचं आहे ते. त्यांच्यासाठी त्याच नंबरवर एसएमएस आणि मेसेज घ्या आणि तसं पत्रकावर लिहा. डेटा बंद पडलेल्या ठिकाणीही पुष्कळदा एसएमएस जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते. मराठीत एसएमएस पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. लांबलचक सूचना तीन-चार तुकड्यांत जाते, त्यातला एखादा तुकडा मागे राहिला तर अर्थच बदलतो. 'पाणी उकळून प्या. टँकर ५ वाजता, शाळेजवळ.' इतकंच लिहा.

आणि कृपा करून मदतफोनचा नंबर नुसता रंगीत चित्रावर छापून पाठवू नका. चित्रातला नंबर पुष्कळ फोनवर थेट दाबून लागत नाही, कागदावर उतरवून घ्यावा लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचून दाखवणारं ॲप अशा चित्रापाशी अनेकदा अडतं. चित्राखाली तोच मजकूर अक्षरांत टाकायला अर्धं मिनिट लागतं.

दार झालं, आता वही. मदतीची यादी एकच असली पाहिजे आणि ती कुणाच्या डोक्यात किंवा कुणाच्या चॅटमध्ये असता कामा नये. बहुतेक गटांना यासाठी ऑनलाइन शीट पुरते. माझ्या मते तीच सर्वांत चांगली, कारण ती शिकवावी लागत नाही. गूगल शीटमध्ये एका वेळी १०० जणांना लिहिता येतं. वस्तीच्या गटाला दहासुद्धा जास्त होतात.

रकाने थोडे ठेवा. नोंद क्रमांक, मागणी कधी आली, काय हवं, कधीपर्यंत हवं, कुठल्या भागात, कुणी घेतलं, स्थिती, शेवटचा फोन कधी झाला. स्थितीच्या रकान्यात मोकळं लिहू देऊ नका, निवडीची यादी द्या: नवीन, घेतलं, पोहोचलं, बंद. नाहीतर कुणी 'झालं' लिहितो, कुणी 'ओके', कुणी हिरवा रंग भरतो, आणि चौथ्या दिवशी त्या हिरव्याचा अर्थ कुणालाच आठवत नाही. 'पोहोचलं' आणि 'बंद' वेगळे का? कारण नेऊन देणारा म्हणतो दिलं, पण दाराशी ठेवलेली पिशवी भलत्याच घराने उचललेली असते, किंवा औषध वेगळ्या मात्रेचं निघतं. मागणाऱ्याला फोन करून 'मिळालं का, बरोबर आहे का' असं विचारल्यावरच नोंद बंद. हा नियम पाळायला वेळ लागतो. तरी गटाने एकच नियम पाळायचा असेल तर हाच पाळावा, असं मी म्हणेन.

शीटमध्ये होणारी सर्वांत वाईट गोष्ट फार लहान असते. एखादा उत्साही स्वयंसेवक शीट उघडतो, त्याला नावं अकारविल्हे लावावीशी वाटतात, तो नावांचा एकच रकाना निवडतो आणि क्रम लावतो. नावं हलतात, शेजारचे पत्ते आणि मागण्या जागेवरच राहतात. वरवर सगळं नीटनेटकं दिसतं. एखाद्याच्या नावापुढे आता दुसऱ्याचं औषध आहे आणि हे कळतं ते कुणीतरी चुकीच्या दारावर उभं राहिल्यावर. अशा वेळी शीटच्या आवृत्ती-इतिहासात जाऊन बदलाच्या आधीची प्रत परत आणता येते. ती कुठे सापडते हे तुमच्यातल्या दोघांना तरी आधीच माहीत असू द्या. आणि क्रम लावण्याचा मोह ज्यांना होतो त्यांना फिल्टर व्ह्यू शिकवा. त्यात त्यांच्यापुरतं दृश्य बदलतं, बाकीच्यांची यादी जागची हलत नाही. लिहिण्याचा हक्क फोनवर बसणाऱ्यांना, बाकीच्यांना फक्त बघण्याचा.

बघण्याचाही सगळ्यांना नको. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण घाईत आपण सर्वांत जास्त इथेच घसरतो. 'लिंक असलेला कुणीही बघू शकतो' हा पर्याय सोयीचा आहे, एका टिचकीत काम होतं. पण विचार करा, त्या शीटमध्ये काय आहे. कोण एकटं राहतं, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कुणाच्या घरात पुरुष नाही, कुणाला कोणता आजार आहे, आणि प्रत्येकाचा पत्ता. चोराला हवी असते ती हीच यादी. घर सोडून आलेल्या बाईला शोधणाऱ्या नवऱ्यालाही हीच हवी असते. लिंक एकदा मोठ्या ग्रुपवर पडली की ती परत घेता येत नाही.

म्हणून यादीचे दोन भाग करा. एका शीटमध्ये क्रमांक, मागणी, भाग आणि स्थिती. ही सगळ्या स्वयंसेवकांनी बघावी. दुसऱ्यात क्रमांक, नाव, पत्ता, फोन. ही फक्त फोनवर बसणाऱ्या दोघा-चौघांकडे, नावाने परवानगी दिलेली. काम घेणाऱ्याला त्या एका घराचा पत्ता सांगायचा. जे विचारायची गरज नाही ते विचारूच नका. धर्म, जात, उत्पन्न, ओळखपत्राचा क्रमांक, आजाराचा इतिहास यांतलं काहीही पिशवी पोहोचवायला लागत नाही. ओळखपत्राचा फोटो तर मागूच नका. तुमचा गट म्हणजे सरकारी कचेरी नाही आणि त्या फोटोंची राखण करण्याची व्यवस्था तुमच्याकडे नाही.

ॲपच्या सुरक्षिततेबद्दल मला नेहमी विचारतात, त्याचं थोडक्यात उत्तर. सिग्नल आणि व्हॉट्सॲपवरची संभाषणं दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतात, मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. टेलिग्रामचे साधे चॅट आणि ग्रुप तसे नसतात, तिथे ती सोय फक्त 'सीक्रेट चॅट'ला आहे आणि ते दोघांतच होतं. आपला फोन नंबर बाकीच्यांना दिसू नये असं वाटत असेल तर सिग्नलवर २०२४ पासून वापरकर्तानाव घेता येतं. पण ग्रुपमधलाच एखादा स्क्रीनशॉट काढून बाहेर पाठवतो तेव्हा कूटबद्धता कामी येत नाही. ग्रुपमध्ये कोण आहे हे तुम्हाला माहीत असणं त्याहून महत्त्वाचं आहे.

आता त्या मित्राबद्दल, जो पहिल्याच रात्री म्हणतो, 'मी शनिवार-रविवारात ॲप बनवतो.' त्याला नाराज करू नका, पण थांबवा. नवं ॲप म्हणजे नवं दार, नवा पासवर्ड, नव्या चुका, आणि तो मित्र आजारी पडला की दुरुस्त करायला कुणी नाही. मोठ्या प्रमाणावर नवी यंत्रणा उपयोगी पडल्याची उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरात स्वयंसेवक प्रोग्रामर आणि राज्याच्या आयटी मिशनने मिळून मदतीच्या मागण्या नोंदवणारं संकेतस्थळ उभं केलं, आणि त्यामागे नोंदी पुढे नेणारी शासनाची यंत्रणा होती. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा लोकांना ४६३६ या क्रमांकावर फुकट एसएमएस पाठवता येत होता. ते मेसेज हैतीच्या क्रेओल भाषेत असत. जगभर पसरलेल्या हैतीयन लोकांनी ते वाचले, भाषांतरित केले, नकाशावर जागा शोधल्या. मला त्यातली मागणाऱ्याची बाजू महत्त्वाची वाटते. त्याला एक छोटा क्रमांक, साधा फोन आणि स्वतःची भाषा एवढंच लागलं. सगळी गुंतागुंत दाराच्या आत, शिकलेल्या लोकांनी सोसली.

याउलट एक उदाहरण मला फार आवडतं. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस सँडी वादळ न्यूयॉर्क परिसरावर आदळलं, तेव्हा 'ऑक्युपाय सँडी' नावाने जमलेल्या लोकांनी वस्तू मागवण्यासाठी ॲमेझॉनवरची लग्नाच्या आहेराची यादी वापरली. कंबल, विजेऱ्या, सफाईचं सामान, जे हवं ते त्या यादीत टाकायचं, कुठूनही कुणीही विकत घेतलं की वस्तू थेट मदतकेंद्रावर पोहोचणार, आणि घेतलेली वस्तू यादीत 'घेतली' म्हणून दिसणार. म्हणजे तीच वस्तू गरजेपेक्षा जास्त येऊन साठण्याचा धोकाही कमी. नवीन काहीही बनवलं नाही. लोकांना आधीपासून वापरता येणारी गोष्ट वेगळ्या कामाला लावली. साधन निवडताना आधी असाच शोध घ्या.

स्लॅक, ट्रेलो यांसारखी कार्यालयातली साधनं कामाच्या छोट्या ग्रुपला चालतील, तेही त्यांपैकी बहुतेक जण नोकरीत ती वापरत असतील तर. फुकट योजनेतल्या मर्यादा मात्र आधी वाचून घ्या. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचं संभाषण दिसत नाही. संकट लांबलं तर पहिल्या आठवड्यात काय ठरलं होतं ते हाताशी राहत नाही.

वीज आणि नेट गेल्यावर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात, त्यामुळे वीज गेल्यावर नेटवर्क लगेच जात नाही, संध्याकाळनंतर जातं, आणि तोपर्यंत आपण निर्धास्त झालेलो असतो. आणि संकट नसतानाही साधन बंद पडतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपात ढिगाऱ्याखालची माणसं ट्विटरवरून हाक देत होती, स्वयंसेवक प्रोग्रामर त्या हाका गोळा करत होते. त्याच आठवड्यात ट्विटरची फुकट एपीआय, म्हणजे प्रोग्रामला तिथले मेसेज आपोआप घेऊ देणारी सोय, बंद होण्याची घोषणा डोक्यावर होती आणि भूकंपानंतर दोनच दिवसांनी त्या देशात ट्विटरवर निर्बंधही आले. ज्या साधनाचा मालक दुसरा कुणीतरी आहे ते आपल्या हातून कधीही जाऊ शकतं, हे धरूनच चाला.

बिनइंटरनेटच्या ॲपची नावं अशा वेळी हमखास फिरतात. झेलो हे वॉकीटॉकीसारखं ॲप अमेरिकेत २०१७ च्या हार्वी वादळात बचाव करणाऱ्या नावाड्यांच्या खूप कामी आलं. पुढच्याच इर्मा वादळाच्या वेळी लाखो लोकांनी ते उतरवून घेतलं, पुष्कळांनी ते नेटशिवाय चालतं असं समजून. कंपनीला सांगावं लागलं की याला नेट लागतं. ब्लूटूथवर चालणारं ब्रिजफाय २०१९ च्या हाँगकाँगमधल्या आंदोलनात गाजलं, आणि २०२० मध्ये संशोधकांनी त्याच्या सुरक्षेतल्या गंभीर त्रुटी दाखवल्या. ब्रायर हे ॲप ब्लूटूथ आणि वायफायवरून जवळच्या फोनपर्यंत मेसेज नेतं, चांगलं आहे, पण दोन्हीकडे ते आधीच बसवलेलं हवं. विजेविना राहणाऱ्या वस्तीत ते ऐनवेळी कोण बसवणार? माझा भरवसा कागदावर आहे. रोज संध्याकाळी पत्त्यांसकट यादीची एक प्रत छापून किंवा हाताने उतरवून एका जबाबदार माणसाकडे ठेवा, दुसऱ्या दिवशी ती फाडून नवी काढा. आणि आधीच ठरवा: फोन लागेनासे झाले तर सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता अमुक जागी भेटायचं. ही वेळ आणि जागा त्याच पत्रकावर छापा ज्यावर मदतफोनचा नंबर आहे.

त्या पत्रकावर सरकारी आपत्कालीन क्रमांक आपल्या नंबरच्या वर आणि मोठा असू द्या. छातीत दुखणाऱ्या माणसाने आधी आम्हाला फोन करू नये. पैशांबद्दल थोडक्यात: शक्यतो गोळा करू नका, दुकानदाराला थेट द्या. करावेच लागले तर दोघांच्या नजरेखालचं एक खातं आणि रोजचा जमाखर्च घोषणांच्या ग्रुपवर.

एक गोष्ट साधनांच्या याद्यांमध्ये कुणी लिहीत नाही. प्रत्येक साधनाला दुसरा किल्लीवाला हवा. शीटचा मालक एकटा, मदतफोनचं सिम एकट्याच्या नावावर, ग्रुपचा ॲडमिन एकटा, आणि तिसऱ्या दिवशी तोच तापाने फणफणलेला किंवा त्याच्याच घरात पाणी शिरलेलं. पासवर्ड मागायचा कुणाकडे? पहिल्याच दिवशी दुसऱ्याला ॲडमिन करा, शीटची पूर्ण परवानगी द्या, सिम कुठे ठेवलंय ते सांगा. शक्य असेल तर तो दुसरा माणूस वेगळ्या इमारतीतला, वेगळ्या वयाचा असावा. बाई असली तर आणखी बरं. कितीतरी बायका काय हवंय ते बाईलाच सांगतात, आणि सॅनिटरी पॅड ही मागणी मोठ्या ग्रुपवर मला क्वचितच दिसली आहे. फोनवर ती रोज येते.

हे सगळं संकटाच्या रात्री सुचणार नाही, म्हणून आज लिहिते आहे. रिकामी शीट रकान्यांसकट बनवून ठेवा. एखादं जास्तीचं सिम चालू ठेवा. पत्रकाचा मजकूर लिहून ठेवा. आपल्या भागात बटणांचा फोन वापरणारे कोण आहेत, कुणाला ऐकू येत नाही, जिना उतरता न येणारे कोण, हे शेजाऱ्यांनी एकमेकांना माहीत करून घ्यावं. त्याची यादी नकोच.

आणि काम संपेल तेव्हा ते संपल्याचं जाहीर करा. तारीख ठरवा. त्या तारखेला मदतफोनवर 'हा नंबर आता बंद होत आहे' असा संदेश लावा. अर्धवट राहिलेल्या नोंदी कुठल्या संस्थेकडे किंवा कुणाकडे सोपवल्या ते त्या त्या माणसाला फोन करून कळवा. नाव-पत्त्यांची शीट पुसा, ट्रॅशमधूनही पुसा, छापलेल्या प्रती फाडा, फोनमधले चिठ्ठ्यांचे फोटो काढून टाका, आणि ज्यांनी ते डाउनलोड केले होते त्यांना नावाने विचारा. हिशेबाची आणि मागण्यांची नावं नसलेली शीट मात्र ठेवा. पुढच्या वेळी कुठल्या दिवशी कशाची मागणी वाढते, ते त्यातून कळेल.

यातलं काही तुमच्या भागाला लागू पडत नसेल तर बदला. मदतफोन मात्र काढू नका. आणि रात्रीच्या पाळीला माणूस कमी पडला तर मला कळवा, मी बसेन.

आपली,
मदतफोनवर बसणारी एक स्वयंसेविका